तहानलेला चुना

आमच्या कॉलेजच्या स्टोअरच्या नोंदवहीत पाच रकाने असत आणि शेवटच्या रकान्याचं नाव ‘स्थिती’. बाटली असो, बाक असो की भिंतीवरचं घड्याळ, त्याच्यापुढे उत्तम, बरी किंवा फुटकी यांपैकी एक शब्द लिहायचा आणि सही ठोकायची. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाची नजर बिघडते. कोणी स्टोअरच्या दारात आलं की मी आधी मनात त्याचा शेवटचा रकाना भरायचो, मग ‘या, बसा’ म्हणायचो.

रसायनशास्त्राचे प्रमुख उत्तमराव सर यांच्यापुढे मात्र माझी लेखणी अडायची. सहा फूट उंची, भरघोस मिशी, मोताळ्याकडे घरची कापसाची शेती आणि उन्हाळ्यातसुद्धा अंगावर तपकिरी कोट. पुण्याला दोन वर्षं शिकून आले होते. तिथून रसायनशास्त्र किती आणलं ते मला सांगता येणार नाही, पण ‘अहो, तसं नव्हे’ हे तीन शब्द भरपूर आणले होते. वर्गात आणि पाहुण्यांपुढे सर पुणेरी बोलत. घाबरले किंवा फार खूष झाले की वऱ्हाडी सुटे. मी बरेच दिवस ध्यान ठेवून होतो. पुणेरीत बोललेल्या दहा गोष्टींतल्या चार तरी नुसत्या शोभेच्या असत. वऱ्हाडीत मात्र सरांना खोटं बोलताना मी एकदाही ऐकलं नाही. त्यांना ते जमतच नसे.

महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती आणि आमच्या कॉलेजला विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाची परवानगी पाहिजे होती. त्यासाठी पोळा झाल्यावर नागपूरहून विद्यापीठाची कमिटी प्रयोगशाळा बघायला येणार होती. प्रयोगशाळा म्हणजे बुलढाण्यातलं एक जुनं कापसाचं गोदाम. आम्ही त्याला चुना मारला, खिडक्या पाडल्या, तरी पावसाळ्यात भिंतीतून जुन्या सरकीचा वास यायचा.

“कमिटीला आपण अमोनियाचं कारंजं दाखवू,” सर म्हणाले.

हे कारंजं म्हणजे काय ते मी इतक्या वेळा पाहिलं, खरं म्हणजे उडताना पाहिलं नाही, की आता मलाही सांगता येतं. नवसागर आणि विरलेला चुना एकत्र तापवला की अमोनिया निघतो. नाक झोंबवणारा वायू, म्हशींचा गोठा आठवावा असा. तो एका उलट्या धरलेल्या गोल चंबूत भरायचा, चंबू तसाच नळीवाटे पाण्याशी जोडायचा. अमोनिया पाण्यात इतका पटकन विरघळतो की चंबूत पोकळी होते आणि पाणी उसळी मारून वर चढतं. पाण्यात आधी एक औषध टाकलेलं असतं, त्यामुळे ते वर जाताच गुलाबी होतं. अट एकच. वायूही कोरडा पाहिजे आणि चंबूही कोरडा पाहिजे. आधीच ओल असली तर अमोनिया त्या ओलीतच मुरून बसतो आणि पाणी खालच्या खाली राहतं. आणि आमच्या गोदामात भाद्रपदात काडेपेटीसुद्धा कोरडी राहत नव्हती.

म्हणून वायू वाटेतच वाळवायचा. कशाने वाळवायचा, हा सगळा प्रश्न.

या प्रश्नात खरा जीव कोणाचा अडकला होता, तर डेमॉन्स्ट्रेटर सिंधूताई इंगळे यांचा. ताई हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यातल्या, औरंगाबादला बी.एस्सी. झालेल्या. त्यांच्या वस्तीत कॉलेजात शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांची नेमणूक तीस सप्टेंबरपर्यंतची होती. त्यानंतर एकतर कायम, नाहीतर घरी. आई जनकाबाईला त्यांनी गावाहून आणलं होतं आणि कॉलेजमागे एक खोली घेतली होती. पण जनकाबाई माझ्याही वरताण हिशेबी. आणलेल्या दोन गाठोड्यांतलं एकच सोडलं होतं. दुसरं तसंच बांधून कोपऱ्यात.

“तीस तारीख होऊ द्या बाबू,” त्या मला म्हणायच्या. “सोडाचं अन् पुन्हा बांधाचं, हे काम मी दोनदा नाही करत.”

सरांनी ताईंना स्पष्ट सांगितलं होतं, “बाई, कारंजं उडालं तर तुमच्या नावाची शिफारस मी स्वतः करीन. नाही उडालं, तर मला तरी काय लिहिता येईल?”

हे पुणेरीत सांगितलं होतं, म्हणून मला काळजी.

पहिला प्रयोग पोळ्याच्या आदल्या आठवड्यात झाला. सरांचं मत असं की वाळवायचं म्हणजे पदार्थ कडक पाहिजे, आणि आमच्या कपाटात सर्वांत कडक म्हणजे तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. ते सरांना मनापासून आवडायचं. त्याची बाटली ते पाहुण्यांना लांबून दाखवायचे, जसा कोणी गोठ्यातला मारका बैल दाखवतो.

“सर,” सिंधूताई हळूच म्हणाल्या, “ॲसिड पाणी ओढतं हे खरं. पण अमोनिया त्याच्या उलट गुणाचा. दोघं भेटले की ॲसिड अमोनियालाच गिळून टाकेल. पलीकडे काही पोचणार नाही.”

“अहो, तसं नव्हे. थोडा जाईल, बाकीचा येईल.”

“आणि वायू गिळला की नळीत पोकळी होईल. ॲसिड उलटं चढून तापलेल्या नळीत जाईल. निदान मध्ये एक रिकामी बाटली तरी जोडू या.”

“पुण्याला आम्ही कधी जोडली नाही.”

मुलांना मात्र ताईंनी “दोन बाकं मागे सरका, लांबून नीट दिसतं,” असं सांगितलं, आणि प्रयोगशाळेचा शिपाई कचरू याला पाण्याची बादली आणि सोड्याचं भांडं जवळ ठेवायला लावलं. हा कचरू चाळिशीचा, देऊळघाटचा. इथे लागण्याआधी त्याने बरीच वर्षं चुन्याच्या भट्टीवर काढली होती, त्यामुळे कशाला भ्यायचं आणि कशाला नाही हे त्याला पदवी नसताना कळत असे. त्याने बादली ठेवली आणि स्वतः खांबामागे गेला.

सरांनी दिवा पेटवला. ॲसिडात दोन बुडबुडे गेले. बाहेर एकही आला नाही. मग ॲसिड नळीतून मागे सरकायला लागलं, आधी हळू, मग एकदम, आणि तापलेली नळी फटाक्यासारखी फुटली.

“अरे बाप्पा! मेलो बे! कचरू, पानी आन! पानी!”

सर वाचले. मिशीही वाचली. ताईंनी टेबलावर सोडा पसरला, कचरूने सरांचा कोट ओढून बादलीत बुडवला. उजव्या खिशाच्या वर रुपयाएवढं भोक पडलं होतं. मी वहीत लिहिलं: काचनळी एक, फुटकी. कोट कॉलेजच्या मालकीचा नसल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा पुणेरीत आले. कालचा प्रकार नळीच्या कच्च्या काचेमुळे घडला, असं ठरलं. ॲसिड मात्र त्यांनी आपण होऊन कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं.

“सर, कळीचा चुना चांगला,” ताई म्हणाल्या. “पाणी ओढतो आणि अमोनियाला हात लावत नाही.”

“चुना?” सरांच्या भुवया कपाळात गेल्या. “अहो बाई, माणसं नागपूरहून येणार, आणि आपण त्यांना चुना लावायचा?”

मी आणि कचरू दोघेही जमिनीकडे पाहू लागलो.

“मुंबईहून काहीतरी चांगलं मागवू,” सर म्हणाले. “किसनराव, मागणीपत्र करा. ड्राइंग एजंट, सुरक्षित व खात्रीचा, तातडीने पाहिजे. नाव मागाहून कळवतो.”

मागणीपत्र मराठीतच करायचं, असा संस्थेचे सेक्रेटरी पुंजाजी यांचा दंडक होता. आपलं राज्य झालं, आता कागदही आपला. म्हणून मी सरांचे शब्द, वाळवणाऱ्या पदार्थाचं ‘ड्राइंग एजंट’ हे इंग्रजी नावसुद्धा, जसेच्या तसे स्वच्छ देवनागरीत लिहिले आणि सहीसाठी घेऊन गेलो. पुंजाजींचं सगळं आयुष्य कापसाच्या बाजारात गेलेलं. ते ओसरीवर बसून सरकी दाताखाली फोडून बघत होते. कागद त्यांनी हातभर लांब धरला.

“किसनबाबू, हे कॉलेज हाय का जिनिंग? एजंट कायले पाह्यजे तुमाले?”

“भाऊ, तसा एजंट नव्हे. हा कोरडं करणारा.”

“थे मले नको सांगू. चाळीस वर्सं मी एजंटच पाह्यले. समदेच कोरडं करतात.”

“नाही भाऊ, म्हणजे हा पदार्थ...”

“अन् वरतून काय लिहिलं? सुरक्षित व खात्रीचा! अबे, असा एजंट दुनियेत असता तं म्या नसता ठेवला?” त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं: ‘एजंट नको. माल थेट घ्यावा.’ खाली सही. “जा. कोनी दलाल मधात घालू नका.”

मी समजावून सांगू शकलो असतो. पण सही झालेल्या कागदावर मी वाद घालत नाही. मुंबईचा रस्ता असा बंद झाला. आता जे काही वाळवायचं ते जिल्ह्यातल्या जिल्ह्यात.

कपाटात कॅल्शियम क्लोराइडची अर्धी बाटली होती. ती सरांना पसंत पडली, कारण बाटलीवर छापील चिठ्ठी होती आणि ती विलायती होती. ताईंनी पुन्हा सांगितलं की हेही नको, हे पाण्याबरोबर अमोनियालाही धरून ठेवतं. सर म्हणाले, “अहो, तसं नव्हे. यात स्फोट तर होणार नाही ना?” ताई म्हणाल्या, “स्फोट नाही होणार.” सर म्हणाले, “झालं तर मग.”

स्फोट झाला नाही, आणि दुसरंही काही झालं नाही. तासभर दिवा जळला. पांढरे खडे फुगले, जाड झाले, आणि चंबूत अमोनियाचा वास घ्यायला सर वाकले तर त्यांना सरकीचा वास आला. चंबू पाण्याशी जोडला. पाणी दोन बोटं चढलं आणि तिथेच थांबलं.

“म्हंजे असं झालं,” कचरू म्हणाला, “पाहुन्याच्या हातचं ओझं घेतो म्हनलं, अन् पाहुनाच घरात ठेवून घेतला.”

मुलं हसली. सिंधूताईंनी हसू दाबलं. सर हसले नाहीत. कमिटी दुसऱ्याच दिवशी येणार होती.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग मागे न वळता म्हणाले, “मी असा विचार करत होतो, की आपण स्थानिक साधनांचा उपयोग करावा. उदाहरणार्थ चुना.”

“फारच चांगला विचार आहे, सर,” ताई म्हणाल्या. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलू दिली नाही. बाईंच्या नावापुढे त्या क्षणी मी मनात ‘उत्तम’ लिहिलं.

आता पाळी माझी. चुना स्टोअरमध्ये होता. वहीतच होता: कळीचा चुना, एक डबा, स्थिती उत्तम, जूनमधली माझी सही. मी ऐटीत डबा आणून टेबलावर ठेवला. झाकण जरा उचललेलं दिसलं. आतून ढेकळं निघायला हवी होती, निघालं मऊ पांढरं पीठ.

“वा!” सर खूष झाले. बोटांत चिमूट घेऊन चोळली. “किती कोरडा आहे! बघा, बोटाला ओल म्हणून नाही. याच्यापेक्षा कोरडं काय असणार?”

ताईंनी पीठ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या काही बोलणार तेवढ्यात कचरू पुढे झाला. त्याने चिमूटभर चुना बशीत घेतला, वर पाण्याचे चार थेंब सोडले आणि कान खाली नेला. आम्हीही सगळे वाकलो. बशी गार. आवाज नाही, वाफ नाही. चुन्याचा नुसता चिखल झाला.

“कोरडा हाय, सर,” कचरू म्हणाला. “पन तहानेला नाही.”

“म्हणजे?”

“म्हंजे हा पिऊन बसला. हवेतलं पानी महिनाभर बसून पेला, फुगला, झाकन उचललं अन् पीठ झाला. आता याले समोर ठेवलं तं हा दुसऱ्याचं पानी काऊन घेईन? पोट भरेल हाय त्याचं. भट्टीतून निंगलेलं ढेकूळ असतं न, त्याच्यावर पानी टाकलं की चुरचुर बोलते, हात भाजते. थो तहानेला.”

सरांनी ताईंकडे पाहिलं. “पण कोरडा आहे ना हा?”

“कोरडा आहे, सर. पण आपल्याला नुसता कोरडा नकोय. दुसऱ्याला कोरडं करणारा पाहिजे.”

सगळ्यांची नजर नोंदवहीकडे गेली. खरं सांगतो, डबा मी जूनमध्ये उघडलाच नव्हता. झाकणावरची चिठ्ठी वाचून ‘उत्तम’ लिहिलं होतं. तेव्हा आजवर मी जितक्या जणांचे रकाने भरले असतील, त्यांत एक माझाही भरून टाकला. कोणता शब्द ते सांगत नाही.

“वाया नाही गेला तो,” ताई मला म्हणाल्या. माझं तोंड त्यांना दिसलं असणार. “नवसागराबरोबर तापवायला विरलेलाच, म्हणजे पाणी प्यालेलाच चुना लागतो. तुमचा डबा वायू काढायच्या कामाला येईल, किसनराव. वाळवायला मात्र ताजा पाहिजे.”

“देऊळघाटले भट्टी लागली हाय,” कचरू म्हणाला. “दसऱ्याच्या रंगासाठी. मी आत्ता सायकल काढली तं दिवेलागनीले वापस. पन ताई, हे असं पानी पडून राह्यलं. पोत्यात आनला तं रस्त्यातच पिऊन टाकन, अन् मले भाजन थे वेगळंच.”

स्टोअरमध्ये झाकण घट्ट बसणारा एकही डबा नव्हता. पत्र्याचे होते, पण त्यांची स्थिती मी आता कोणत्या तोंडाने सांगणार? ताईंनी खिडकीतून मागच्या आपल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “किसनराव, चला माझ्याबरोबर. आईपुढे मी एकटी नाही बोलायची.”

जनकाबाई दारातच ज्वारी पाखडत होत्या. ताईंनी सगळं सांगितलं. जनकाबाईंचं सूप थांबलं.

“माहा फिरकीचा डबा? चुन्याले? थो गाठोड्यात हाय.”

“म्हणून तर आले, आई.”

“थ्या गाठोड्याले तीस तारखेपर्यंत हात लावाचा नाही, तुले मालूम हाय न?”

“मालूम हाय.”

“अन् कारंजं नाही उडालं तं?”

“तं मीच पुन्हा बांधून देईन. गाठ मारून.”

जनकाबाईंनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू साक्षीदार धरला. उठल्या आणि गाठोड्याच्या गाठीला हात घातला. गाठ पावसाने आवळली होती, दाताने सोडवावी लागली. आत खाली, लुगड्यांच्या घडीत, जाड पितळेचा डबा होता. झाकण चार वेढे फिरणारं. जनकाबाईंनी पदराने तो आतून तीनदा पुसला.

“कचऱ्या,” त्या दारात आलेल्या कचरूला म्हणाल्या, “यात मी तूप ठेवतो. पोचा आनला तं याद राख. अन् हे कनिक घेऊन जाय. झाकन लावलं की वरतून लिंप.”

ताईंनी त्याला वेगळं बजावलं. ओल्या हाताने खडा उचलायचा नाही, चिमट्याने घ्यायचा, डोळ्यांवर चष्मा ठेवायचा, आणि भट्टीवाल्यासमोर एक ढेकूळ पाण्यात टाकून बघायचं. कचरू म्हणाला, “ताई, बारा वर्सं म्या हेच केलं,” आणि तरी चष्मा घेतला.

दिवेलागणीला तो परत आला तेव्हा अंगावर एक धागा कोरडा नव्हता. छत्री होती, पण ती डब्यावर बांधलेली.

“डब्याले छत्री अन् तुले पानी?” मी विचारलं.

“मी भिजलो तं वाळन बाबू. हा भिजला तं संपला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी आली. तिघं होते. दोघं खुर्च्या मोजत हिंडले. तिसरे म्हातारे, टक्कल पडलेले, हातात काठी. ते सरळ टेबलाशी येऊन उभे राहिले. पुंजाजीही काळी टोपी घालून आले होते. सरांनी तोच कोट घातला होता, दुसरा होता कुठे? भोकावर खिशातला रुमाल पुढे ओढून घेतला होता.

मांडणी ताईंची होती. एका नळीत माझा विरलेला चुना आणि नवसागर, पुढे उभ्या काचेच्या मनोऱ्यात देऊळघाटची पांढरी ढेकळं, त्याच्यापुढे गोल चंबू. तो कचरूने शेगडीवर धरून धरून इतका कोरडा केला होता की हाताला गरम लागत होता. ताईंचे हात स्थिर होते. फक्त पदर त्यांनी दोनदा खोचला, खोचलेला असताना.

“वाळवायला काय वापरलंत?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

“चुना,” सर म्हणाले. “म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड.”

“निवड कोणाची?”

“अं... विभागाने सर्वांगीण विचार करून, विभागप्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली...” सर पुणेरीत होते.

“सल्फ्युरिक ॲसिड का नाही?”

सरांचा हात रुमालावर गेला. म्हाताऱ्यांनी तो बघितला आणि काठी ताईंकडे वळवली. “बाई, तुम्ही सांगा.”

“ॲसिड अमोनियाला धरून ठेवतं, सर. आणि नळीत उलटं चढतं, ते धोक्याचं. कॅल्शियम क्लोराइडसुद्धा अमोनियाला सोडत नाही. चुना फक्त पाणी घेतो.”

“हे पुस्तकात वाचलं, की करून पाहिलं?”

आता काही बोललं तरी अडचण. करून पाहिलं म्हणावं, तर कोणी पाहिलं ते आलं. ताईंनी सरांकडे बघितलं नाही. “विभागात करून पाहिलं, सर. मुलं दोन बाकं मागे उभी केली होती.”

“हं,” म्हातारे म्हणाले. “दाखवा.”

दिवा पेटला. वायू ढेकळांतून वर चढला. चंबूच्या तोंडाशी धरलेला ओला, लाल लिटमसचा कागद निळा झाला, म्हणजे चंबू भरला. ताईंनी उलट्या चंबूला नळीचं बूच बसवलं, नळीचं टोक पाण्यात सोडलं आणि बाजूच्या पिचकारीने आत पाण्याचे दोन थेंब टाकले.

क्षणभर काहीच नाही. पुंजाजी खोकले. मग नळीतून पाणी सुसाट वर गेलं, चंबूच्या छतावर आपटलं आणि पसरलं. गुलाबी. लग्नातल्या मांडवासारखं.

“उडालं!” सर ओरडले. “अबे कचरू, उडालं बे! पाह्य, पाह्य, कसं उडून राह्यलं!”

आणि एकदा वऱ्हाडी सुटली ती सुटलीच. सर म्हाताऱ्यांकडे वळले. “साहेब, खरं सांगतो. यात माह्यं काहीच नाही. बाईनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, ॲसिड नको. म्या आयकलं नाही. हे पाहा,” रुमाल बाजूला करून त्यांनी भोकातून बोट काढून दाखवलं, “हे त्या ॲसिडचं. मंग दुसरंही म्हनलं नको, तेही म्या आयकलं नाही. चुना बाईनं सांगतला, कचरूनं आनला, यायच्या मायच्या तुपाच्या डब्यात. मी निस्ता कोट घालून उभा होतो.”

म्हातारे पुढे झाले, कोटाचं भोक वाकून न्याहाळलं आणि पहिल्यांदाच हसले. “माझ्याही एका कोटाला आहे,” ते म्हणाले. “डाव्या बाजूला.”

पुंजाजी टेबलाला वळसा घालून आले. “किसनबाबू, थो एजंट म्हनत होते तुमी, थो कोन्ता यातला?”

मी मनोऱ्यातली ढेकळं दाखवली.

“हे? मंग हे कमिशन काय घेतात?”

“पानी, भाऊ,” कचरू म्हणाला. “निस्तं पानी.”

पुंजाजींनी काचेला नाक लावून बराच वेळ बघितलं. “अन् यायले पारखून कोनं आनलं?”

“बाईनं,” सर म्हणाले. वऱ्हाडीतच.

आठ दिवसांनी माझं मागणीपत्र संस्थेकडून परत आलं. तेच, समासात ‘एजंट नको. माल थेट घ्यावा’ लिहिलेलं. त्याखाली नवी पेन्सिल होती: ‘एजंट गावचाच निघाला. पारखणाऱ्या बाईस कायम करावे.’ सही. खाली सरांचीही शिफारस, तीन ओळींची, आणि पहिल्यांदाच तिच्यात एकही शोभेचा शब्द नव्हता. तारीख अठ्ठावीस सप्टेंबर. तो कागद खरेदीच्या फाइलीत लावायचा की नेमणुकीच्या, हे मला ठरवता येईना, म्हणून नक्कल करून दोन्हीकडे लावला.

वहीतली चुन्याची नोंद मी खोडून नव्याने केली. आता दर महिन्याला एक खडा बशीत घेतो, चार थेंब सोडतो, चुरचुर ऐकतो आणि मगच शेवटचा रकाना भरतो. उत्तम लिहीत नाही. ‘तहानलेला’ लिहितो. तपासनिसाने एकदा विचारलं हा कसला शब्द, तेव्हा त्यालाही बशी दाखवली.

अडचण एवढीच की उरलेला चुना अजून जनकाबाईंच्याच डब्यात आहे, कारण तसं झाकण आमच्याकडे दुसरं नाही. जनकाबाई दर सोमवारी स्टोअरच्या दारात येतात.

“बाबू, माहा डबा कधी देता?”

“द्यायचाच आहे, बाई. पण चुना अजून तहानलेला आहे. बाहेर काढला तर वाया जाईल.”

“दोन महिने झाले न हो! दोन महिने त्या बिचाऱ्याले तसंच तहानेलं ठेवलं?” त्यांनी कमरेवर हात ठेवले. “अरे, मंग पाजा न त्याले पानी, अन् द्या माहा डबा!”